आजोबांकडचे जुन्या सोलापूरचे फोटो फेसबुकवर टाकावेत का? माझं उत्तर

(प्रश्न थोडक्यात असा होता: आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सोलापूरचे बरेच फोटो सापडलेत, ते गोष्टींसकट टाकायचेत, कसं करावं आणि वॉटरमार्क टाकावा का.)

टाका की. ट्रंकेत ठेवून काय होणारे, कसर लागणार. पण फोटोखाली काय लिहिणार ते आधी ठरवा, कारण फोटो फिरतो आणि त्याच्याखालचं वाक्य त्याहून जोरात फिरतं, आणि एकदा चुकीचं फिरलं की मग तुम्ही बोंबलत बसा, कुणी ऐकत नाही. हे ऐकीव सांगत नाहीये, आमच्या घरात झालंय.

आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे यंत्रमागावर कापड विणायच्या खात्यात. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल. 1949 च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली, 1950 च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून कारभार हातात घेतला, त्यावर एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला, ती चिरंजितलाल चौधरीची केस लॉची पोरं अजून पाठ करतात, पण त्यातल्या कितीजणांना ही मिल कुठं होती ते माहितंय देव जाणे. आजोबांना वटहुकूमाचं काही देणंघेणं नव्हतं. भोंगा बंद म्हणजे पगार बंद, एवढंच. मधले महिने ते शहराच्या पूर्व भागात एका पद्मशाली (विणकर समाजातल्या) मालकाकडं हातमागावर बसले. मिलचा साचा वीज चालवते, हातमागाला पायानं दाबायचं आणि हातानं धोटा फेकायचा, त्यामुळं रात्री पोटऱ्या दाबून घ्यायचे असं आजी सांगायची. मिल परत चालू झाली आणि 1952 ला खात्यातले एक मास्तर रिटायर झाले, तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढून मिलच्या आवारात ग्रुप फोटो काढला. पुढं खुर्च्यांवर मास्तर आणि जॉबर (म्हणजे मुकादम), मागं बाकावर बाकीचे. मागच्या ओळीत एकानं ऐनवेळी मान हलवली म्हणून त्याला दोन नाकं आलीत. आजोबा त्याच्या शेजारी, हाताची घडी घालून, फोटोग्राफरनं दम दिल्यासारखा चेहरा करून.

आणि सगळ्यात उजवीकडं जे उभे आहेत ते मिलचे कामगारच नाहीत. गेटवर चहाची गाडी लावायचे ते आप्पा. बंदच्या काळात त्यांनी निम्म्या खात्याला उधारीवर चहा पाजला, वही ठेवली पण तगादा लावला नाही, म्हणून मास्तरांनीच ओढून फोटोत उभं केलं. आजोबा हा फोटो दाखवताना मास्तरांच्या आधी आप्पांवर बोट ठेवायचे. फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली पांढरी पट्टी आहे, तिच्यावर शाईनं खातं, साल आणि सगळ्यांची नावं लिहिलीत, आप्पांचं पण.

हा फोटो आत्याकडं असतो. आतेभावानं मोबाईलवर त्याचा फोटो काढला, खालची पट्टी "कळकट दिसायलीय" म्हणून कापली आणि घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला माहीत नाही, पण एक दिवस एका मोठ्या पेजवर आला. एआयनं रंगवलेला. मास्तरांच्या गळ्यातला हार भगवा, मागची चुन्याची भिंत गुलाबी, दोन नाकांच्या माणसाला एकच नाक, तेही भलत्याचंच. आणि वर काय लिहिलंय तर दुर्मिळ फोटो, सोलापूरचे क्रांतिवीर, मार्शल लॉच्या आदल्या दिवशी, मे 1930, उजवीकडून पहिले हुतात्मा जगन्नाथ शिंदे!

म्हणजे चहाच्या आप्पांना हुतात्मा केलं. जगन्नाथ शिंदे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. सोलापुरात या चौघांचे पुतळे आहेत त्या चार पुतळ्यापाशी रोज लाखभर लोक सिग्नलला थांबत असतील आणि या पेजवाल्याला त्यातला एक माणूस 1952 च्या फोटोत दिसला. खाली हजारो लाईक, "नमन", "कोटी कोटी प्रणाम", आणि आप्पांच्या घरातल्याच कुणीतरी बिचाऱ्यानं लिहिलेलं की हे आमचे आजोबा वाटतात, चहाची गाडी होती त्यांची, फाशी कधी झाली? त्याला वीसजणांनी शिव्या घातल्या.

मी कमेंटमध्ये सगळं नीट लिहिलं. हेही लिहिलं की 8 मेला गोळीबार झाला, त्यानंतर तीन दिवस शहरात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं, लोकच शहर सांभाळत होते, आणि 12 तारखेला मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, लागला. त्या धामधुमीत मिलच्या आवारात खुर्च्या मांडून, गळ्यात हार घालून, ओळीत उभं राहून फोटो कोण काढत बसेल ओ? आणि एकदा मार्शल लॉ लागल्यावर तर गांधी टोपी घालून रस्त्यावर यायची सोय नव्हती, झेंडा हातात दिसला तर तुरुंग. फोटोत निम्म्या लोकांच्या डोक्यावर टोपी आहे आणि चेहऱ्यावर कसलीच भीती नाही, नुसता कंटाळा आहे. कमेंट डिलीट झाली, वर मला ब्लॉक केलं.

मग आतेभावाला फोन केला. वयानं मोठाय, आम्ही अण्णा म्हणतो. तर अण्णा म्हणतो, "अरे लोकं बघायलेत की बे, सोलापूरचं नाव व्हायलंय, तुझं काय जायलंय?" माझं काय जायलंय! आजोबा 1930 ला चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि मार्शल लॉ लागला तसे घरच्यांबरोबर अक्कलकोटकडं गावी निघून गेले, जूनअखेर तो उठला त्यानंतर परत आले. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं, अण्णाच्या समोर. घाबरून गेलो म्हणायचे, सरळ. अण्णाला ते आवडत नाही. त्याला आजोबा क्रांतिवीर हवेत. त्या दिवसापासून आमचं हे भांडण आहे आणि दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला सगळे जमले की परत निघतं. अण्णाचं म्हणणं, आता कोण तपासायला येतंय. मी म्हणतो चौघं खरोखर फासावर गेले, 8 मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे खरोखर गोळी लागून गेले, त्यांच्या रांगेत आपण आपला माणूस फुकट घुसवायचा म्हणजे त्यांचीच किंमत कमी करायची. आणि बंद मिलच्या काळात मागावर बसून घर चालवलेला माणूस काय कमी आहे का? ती गोष्ट सांगायला लाज का वाटावी? पण नाही, चहाची उधारी व्हायरल होत नाही.

बरं, तुमचा प्रश्न. पुठ्ठ्यावरची पट्टी, मागचा शिक्का, कोपऱ्यातली पेन्सिल, काही म्हणजे काही कापू नका. स्कॅन करताना पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही करा, साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर 600 डीपीआय पुरतं, मूळ फाईल टिफमध्ये ठेवा आणि फेसबुकला जेपेग द्या. मोबाईलनं काढायचाच असेल तर खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून. लॅमिनेशन करायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. ते चिकट पानांचे अल्बम असतात त्यात असतील तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. नावं लिहायची तर मागं कडेला मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा वळ पुढं उमटतो.

साल माहीत नसेल तर अंदाजे साल ठोकू नका, फोटोत शोधा. पाटीवर नगरपालिका आहे का महापालिका? महापालिका 1 मे 1964 ला झाली. दुकानाच्या बोर्डवर भाव आण्यात असेल तर बहुतेक 1957 च्या आधीचा, नये पैसे त्या एप्रिलपासून आले, पण लोकं नंतर पण बरीच वर्षं आण्यातच बोलायचे, तेव्हा जरा सांभाळून. मागच्या स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर 1972 च्या ऑगस्टनंतरचाच. स्टेशनचा फोटो असेल आणि जीआयपी (इंग्रजांच्या काळातली रेल्वे) लिहिलेलं दिसलं तर 1951 च्या आधीचा धरा, मध्य रेल्वे त्या नोव्हेंबरात झाली. एवढं करून पण कळलं नाही तर "साल माहीत नाही" असं लिहा, मरत नाही कुणी.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना "हे कोण?" विचारलं तर नाव सांगून गप्प बसतात. "हा कोट कुणाचा?", "हे इतकं का हसायलेत?" असं विचारा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. जे त्यांनी सांगितलं ते त्यांच्या नावावर लिहा, म्हणजे "आजी सांगायची की" असं. जे तुम्हाला वाटतं ते "मला वाटतं" म्हणून लिहा. ही दोन वाक्यं घालायला अण्णाला काय जड जातं मला कळत नाही.

क्रॉपचं अजून एक. डॉ. कोटणीसांचा एकट्याचा चेहरा आपल्याकडं सगळे टाकतात, आपल्या गावचे आहेत, टाकावाच. पण 1938 ला चीनला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला पाच डॉक्टर गेले होते, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर तर नागपूरचे, त्यांचं नाव सोलापुरात किती जणांना येतं विचारून बघा. ग्रुपचा फोटो असेल तर ग्रुपचाच टाका. शेजारचा माणूस पण कुणाचा तरी आजोबा असतो.

रंगवायची हौस असेल तर रंगवा, माझी काही बंदी नाही, पण शेजारी मूळ फोटो पण टाका आणि रंग मशीननं भरलेत हे लिहा.

हां, कायद्याचं राहिलंच. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, म्हणजे तुमच्या आजोबांचे तसे फोटो असतील तर काळजी नाही. पण दुसऱ्या कुणी काढलेले, पेपरात छापून आलेले वगैरे असतील तर बघून टाका, 2012 नंतर फोटोवरचा हक्क फोटोग्राफर गेल्यावर पण 60 वर्षं राहतो, जुन्या फोटोंचा हिशोब वेगळा लागतो, मी काही वकील नाही. आणि लग्नाबिग्नाच्या फोटोत दुसऱ्यांच्या घरच्या बायका असतील तर त्या घरी एकदा विचारून घ्या. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

वॉटरमार्क. चेहऱ्यावरून आडवा टाकणार असाल तर फोटो टाकूच नका. त्यापेक्षा खाली पांढरी पट्टी जोडा, तिच्यावर कुठला, कधीचा, कुणाकडचा, कोण कोण ते लिहा. कापणारे ती पण कापतील, पण निदान मूळ कुठं होतं ते शोधणाऱ्याला सापडेल. अण्णा म्हणतो पट्टी लावली की शेअर कमी होतात. होऊ देत की.