तीन वर्षांच्या बी.कॉम.वर सीपीए होता येते का?

गेल्या पावसाळ्यात भांडुपचे एक गृहस्थ आपल्या चोवीस वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. असून मालाडच्या एका कंपनीत अमेरिकी ग्राहकांचे हिशेब पाहत होती. अमेरिकेतील सीपीए, म्हणजे आपल्या सीएसारख्या लेखापालाच्या, परवान्यासाठी 150 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, लागतात, असे तिला सहकाऱ्यांकडून कळले होते. एका क्लासने मात्र "पदवी आहे ना, मग झाले" असे सांगून सोमवारपर्यंत पहिला हप्ता भरायला लावला होता. "मॅडम, खरे कोणाचे धरायचे?" वडिलांनी विचारले.

दोघांचेही अर्धेच खरे होते. अमेरिकेत हा परवाना त्या-त्या राज्याचे लेखा मंडळ देते, आणि परीक्षेला बसण्याची पात्रता वेगळी, परवान्याची वेगळी. अनेक राज्ये 120 क्रेडिटवर परीक्षेला बसू देतात; परवान्यासाठी मात्र 150 क्रेडिट हा वर्षानुवर्षांचा दंडक आहे आणि त्यातील ठरावीक क्रेडिट लेखा व व्यवसाय या विषयांतीलच असावी लागतात. अलीकडे ओहायोसारख्या राज्यांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असाही मार्ग मोकळा केला आहे. आपल्या एका शैक्षणिक वर्षाची साधारणपणे 30 क्रेडिट धरतात, म्हणजे हिच्या पदवीची 90 होतात, एम.कॉम.ची दोन वर्षे मिळवली की हिशेब 150 वर येतो. अर्थात ही माझी बेरीज झाली, खरी मोजणी गुणपत्रिका तपासणारी मूल्यमापन संस्थाच करते. म्हणूनच मी त्यांना आधी राज्य निवडा, मग मूल्यमापन करून घ्या आणि क्लासचे पैसे त्यानंतरच भरा, असे सांगितले. हा क्रम उलटा झाल्याने पस्तावलेली मुले मी पाहिली आहेत.

परीक्षेची तिला धास्ती नव्हती. 2024 पासून तीन अनिवार्य पेपर आणि एक निवडीचा, प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला 75 गुण, आणि केंद्र मुंबईतही आहे, एवढे तिला पाठ होते. भारतात या परवान्यावर कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही, त्यासाठी आपल्या 1949 च्या कायद्याखालील सीएच व्हावे लागते, हे मात्र वडिलांना प्रथमच कळले आणि ते थोडे हिरमुसले. मुलीला तिच्याच क्षेत्रात बढती हवी होती. तिच्यापुरता तो प्रश्न नव्हता.

वडील फोन घ्यायला बाहेर गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "चौथ्या सेमिस्टरला अर्थशास्त्रात एटीकेटी लागली होती. ती धरतील का? बाबांना ठाऊक नाही." खरी धाकधूक त्या राहिलेल्या विषयाची होती. विषय पुढे सुटलेला असल्याने त्याची क्रेडिट मिळायला हरकत नाही, असे मी तिला सांगितले. बाबांबद्दल मात्र गप्प राहिले, कारण समोरच्या फाइलमध्ये, वडिलांनी स्वतः प्लास्टिकच्या पाकिटांत लावलेल्या कागदांत, त्या सेमिस्टरच्या दोन्ही गुणपत्रिका एकामागे एक व्यवस्थित होत्या.

सोमवारचा हप्ता त्यांनी भरला नाही. त्या आठवड्यात वडील ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सर्व वर्षांच्या अधिकृत गुणपत्रकाच्या, अर्जासाठी विद्यापीठाच्या कलिना संकुलात गेले आणि मुलीने एम.कॉम.च्या प्रवेशाची चौकशी सुरू केली.