‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो का?’

जुळे सोलापुरात राहणारे एक निवृत्त गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी आले (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). तक्रार झोप न लागण्याची होती. पण बसल्याबरोबर त्यांनी पिशवीतून कॅलेंडरची घडी केलेली पाने काढली. त्यांवर पेन्सिलीने महिन्यागणिक ‘सुपारी’, ‘बोर’, ‘लिंबू’ असे लिहिले होते. त्यांच्या १० वर्षांच्या कुत्र्याच्या पुढच्या पायावरील गाठीची ती नोंद होती.

लिंबाएवढी झाल्यावर ती चरबीची गाठ समजून काढण्यात आली, मात्र तपासणीसाठी पाठवली गेली नाही. पाच महिन्यांत त्याच व्रणाखाली ती पुन्हा आली. दुसऱ्या पशुवैद्यांनी तुकडा तपासून घेतला, तेव्हा सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग, दुसऱ्या श्रेणीचा, असे निदान झाले. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. पशुवैद्यांनी पाय काढण्याचा पर्याय सुचवला होता.

“मॅडम, कॅन्सरला चाकू लागला की तो पसरतो म्हणतात. एकदा लावून बसलोय. आता पुन्हा लावू?”

हा प्रश्न माणसांच्या आजारातही मला वारंवार ऐकू येतो आणि मी तो अडाणीपणा म्हणून झटकत नाही, कारण त्यामागे डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी असते. उपचार सांगणे माझे काम नव्हे. म्हणून त्यांच्या संमतीने पशुवैद्यांनाच बोलावले. त्यांनी सांगितले, की ही गाठ हाताला आवरणात बसल्यासारखी लागते, परंतु ते आवरण दाबल्या गेलेल्या रोगपेशींचेच असते आणि त्यापलीकडेही पेशी पसरलेल्या असतात. नुसती गाठ सोलून काढली, तर मागे राहिलेले पुन्हा वाढते आणि दोष चाकूवर येतो. म्हणून भोवतालची २ ते ३ सेंटिमीटर निरोगी ऊती आणि खालचा एक पापुद्रा काढावा लागतो, जे पायावर मांस कमी असल्याने सहसा जमत नाही. या श्रेणीत फुप्फुसांत पसरण्यापेक्षा त्याच जागी उलटण्याचा धोका मोठा असतो.

आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले काका म्हणाले, “म्हणजे तेलाचा डाग. दिसतो त्याच्या पुढंपर्यंत झिरपलेला असतो. कात्री कडेनं चालवून भागत नाही.” इतके नेमके मला सांगता आले नसते.

तरीही झोप येईना. “तीन पायांवर तो कुणाला तोंड दाखवणार?” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. चौथ्या भेटीत कळले, की मधुमेहामुळे त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती आणि लोक विचारतात म्हणून त्यांनी सिद्धेश्वर तलावावर फिरायला जाणे सोडले होते. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागतो, हे खरेच. पण लाज वाटणे हा कुत्र्याचा प्रश्न नव्हता. त्या दिवशी आम्ही कुत्र्याविषयी फारसे बोललो नाही.

पाय काढला. घसरू नये म्हणून काकांनी शहाबादी फरशीवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सोलापुरी चादरी अंथरल्या. कॅलेंडरवर आता दर तीन महिन्यांनी ‘एक्स-रे’ लिहिलेले असते. संध्याकाळी दोघे गल्लीच्या टोकापर्यंत जातात. तलावापर्यंत अजून गेलेले नाहीत.