नळी काढतानाची पाच मिनिटं

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. सोमवारपासून मुलांची डेंटल लिस्ट, म्हणजे भूल देऊन करायची दातांची कामं, तू एकटीनं बघणार. फोनवर तू जे विचारलंस ते सगळं भुलेत श्वासाची नळी घालण्याबद्दल होतं. ते सांगतेच, पण मला जास्त बोलायचंय ते नळी काढण्याबद्दल.

दातांच्या कामात सर्जनचे हात तोंडात असतात आणि त्याच्याच मागून मुलाचा श्वास चालतो. म्हणून मोठ्या कामाला मी नाकातून नळी घालते. तोंड मोकळं राहतं, कॅप बसवल्यावर दात मिटून चावा तपासता येतो. एखादाच दात काढायचा असेल तर फ्लेक्सिबल एलएमएवर (स्वरयंत्राच्या वर बसणाऱ्या मऊ मास्कवर) भागतं. कफच्या (टोकाशी फुगा असलेल्या) नळीचं माप, आतला व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजे वयाला 4 नं भागून अधिक 3.5. चार वर्षांच्या मुलाला 4.5, आणि अर्ध्या मापानं लहान-मोठी हाताशी. या वयात अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतात, म्हणून आधी नाकात झायलोमेटाझोलिन (रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब), नळी कोमट सलाइनमध्ये मऊ केलेली, आणि जोर अजिबात लावायचा नाही. अडली तर दुसरी नाकपुडी बघ. मान मागे गेली की नळी वर सरकते, पुढे वाकली की आत जाते. तेव्हा डोकं शेवटचं नीट ठेवून झाल्यावर छातीच्या दोन्ही बाजू पुन्हा ऐक.

आदल्या दिवशी आईला विचार: मूल घोरतं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, कुठला दात हलतोय? ताप, खोकला, घट्ट शेंबूड असेल तर निदान दोन आठवडे पुढे ढकल. सर्जन कुरकुरतील. न दुखणारा दात थांबू शकतो.

थ्रोट पॅक (घशात ठेवायची गॉजची पट्टी) घालावाच लागला तर शेपूट तोंडाबाहेर ठेव, फळ्यावर लिहायला लाव, आणि काढल्यावर सिस्टरला दाखवून मोठ्यानं सांग. विसरलेला पॅक नळी काढल्यावर घसा बंद करतो.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीचे सहा दात काढून झाले, लिस्ट लांबलेली, पुढचं मूल दारात. मी तोंड वरवर सक्शन केलं आणि ती अर्धवट भुलेत असतानाच नळी काढली. मऊ टाळूच्या मागे रक्ताची गुठळी राहिली होती. ती स्वरयंत्रावर पडली आणि गळा मिटला. छाती आत ओढली जात होती, पण मास्कला जोडलेली श्वासाची बॅग हलत नव्हती. मुलांना वजनाच्या मानानं मोठ्यांच्या दुपटीएवढा ऑक्सिजन लागतो आणि साठा थोडा, त्यामुळे सॅच्युरेशन बघता बघता कोसळलं. सरांनी हातातून मास्क घेतला. मुलगी वाचली, संध्याकाळी आईच्या मांडीवर होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) घालून, डोळ्यांनी बघून सक्शन करते. टाळूच्या मागे, नळीच्या कडेला. मग मूल कुशीवर. तोंडात रक्त असलेल्या मुलाची नळी मी पूर्ण जागं झाल्यावरच काढते: डोळे उघडले, हात नळीकडे गेला, श्वास नियमित झाला की. खोल भुलेत काढणारे चांगले लोक आहेत, पण तू अजून त्या वाटेला जाऊ नकोस.

तरीही लॅरिंगोस्पाझम झाला, म्हणजे गळा तसाच मिटला, तर शंभर टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट, जबडा पुढे, बॅगनं सतत दाब. सुटला नाही तर थोडं प्रोपोफॉल (भुलेचं औषध). मग स्नायू सैल करणारं सक्सामिथोनियम, शिरेतून किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम, सलाइनची सुई निघालेली असेल तर स्नायूत 4. अ‍ॅट्रोपिन (नाडी मंदावली तर लागतं ते) सोबत भरून ठेव. हे आकडे प्रत्येक मुलाच्या वजनानुसार सकाळीच काढून ट्रॉलीवर चिकटव, त्या क्षणी गुणाकार सुचत नाही. आणि सुई रिकव्हरीत नीट स्थिरावेपर्यंत काढू देऊ नकोस.

सोमवारी मी शेजारच्या ओटीत आहे. सॅच्युरेशन पडायची वाट न बघता हाक मार.

तुझी,
मॅडम