वाचकांचे प्रश्न: बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक, खाडीतले डास आणि कॅमेऱ्यात दिसलेला बिबट्या

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेतेय. पहिल्याला जास्त जागा देतेय कारण तोच प्रश्न मला वेगवेगळ्या सोसायट्यांतून सारखा येतो आणि पावसाळा तोंडावर आलाय.

प्रश्न: आमच्या सोसायटीत जांभळाचं मोठं झाड आहे, बिल्डिंगच्या आधीपासूनचं. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हापासून शेंड्याच्या फांद्या सुकतायत. कमिटी म्हणते ब्लॉकच्या फटींतून पाणी जातं, झाडच म्हातारं झालंय, कोणाच्या अंगावर पडण्याआधी तोडून टाकू. गाड्यांवर जांभळं पडतात ही तक्रार तर आधीपासूनच आहे. मला झाड वाचवायचंय पण मीटिंगमध्ये मी एकटी पडते.
*(वाचक, बोरिवली)*

उत्तर: ताई, झाड शेंड्याकडून सुकायला लागलं की खाली मुळाशी काहीतरी बिनसलंय का ते आधी बघायचं, वयाचं नाव नंतर. लोकांना वाटतं झाड जेवढं उंच तेवढी मुळं खोल, पण अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोनेक फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाणी लागतं तशी हवा पण लागते. पेव्हर बसवताना आधी माती उकरतात, मग खडी आणि भुकटी टाकून मशीनने ठोकून घट्ट करतात, यात कितीतरी मुळं तिथल्या तिथे तुटतात. फटींतून पाणी जातं हे पहिल्या वर्षी थोडंफार खरं असतं, पण एका पावसाळ्यात त्या फटी गाळाने बुजतात आणि खालचा ठोकलेला थर तर पाणी घेतच नाही.

आमच्याच सोसायटीत हे झालंय म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय. गेटजवळच्या बकुळीभोवतीचे ब्लॉक आम्ही चारपाच जणांनी एका रविवारी पहारीने काढले. खाली माती नव्हतीच, राखाडी भुकटी आणि डेब्रिज, हात घातला तर पिठासारखं कोरडं, आणि तेव्हा ऑगस्ट चालू होता, वर आठवडाभर पाऊस पडत होता! बुंध्याला सिमेंटची कडा इतकी आवळली होती की साल दोन्ही बाजूंनी फुगून त्या कडेवर आली होती, पट्टा घट्ट झाल्यावर पोट वर येतं ना तशी. ती कडा छिन्नीने हळूहळू फोडायला अख्खी दुपार गेली. पुढच्या पावसाळ्यात तिथे गांडुळांच्या मातीच्या बारीक गुठळ्या दिसल्या आणि त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

तर आता तुम्ही काय करायचं. बुंध्यापासून चारही बाजूंना निदान एक मीटर जागा मोकळी करा, जास्त जमली तर उत्तम. काम पहारीने आणि हाताने, ब्रेकर मशीन अजिबात नको, आणि माती हलवताना जाड मूळ दिसलं तर त्याला हात लावू नका. वर सोसायटीतलाच पाचोळा पसरा, तो झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. कट्टा बांधून बुंध्याभोवती मातीचा ढीग घालू नका, साल कुजते. खिळे, दिवाळीच्या लायटिंगच्या वायरी काढा. सुकलेल्या फांद्यांचा धोका खरा आहे, त्याकडे डोळेझाक करू नका, त्यासाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या आणि छाटणी दोन्ही बाजूंनी समतोल करून घ्या, कारण एकाच बाजूने बोडकं केलेलं झाड वाऱ्यात कलतं. पावसाळ्यात पडलेली झाडं बघा कधी जवळ जाऊन, कित्येकदा एका बाजूची मुळं केबलच्या नाहीतर गटाराच्या खोदकामात आधीच तुटलेली असतात.

आणि मीटिंगमध्ये ठाम सांगा की झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली पालिकेच्या ट्री ऑफिसरची परमिशन लागते, आणि २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज, म्हणजे जपायचा वारसा, धरलं जातं. तुमचं जांभूळ बिल्डिंगच्या आधीचं असेल तर वयाचा मुद्दा अर्जात नक्की लिहा. झाडावर ते तोडण्याची नोटीस लागलीच तर मुदतीत लेखी हरकत द्या, तोंडी बोललेलं कोणी मोजत नाही.

अजून एक गोष्ट कमिटीपुढे मांडा, ती कदाचित झाडापेक्षा लवकर पटेल. मे महिन्यात टँकर आणि जुलैमध्ये कंपाउंडमध्ये घोटाभर पाणी हे तुमच्याकडे होत असेल तर दोन्हीचं मूळ एकच आहे, पडलेला पाऊस जिरायला जमीनच ठेवलेली नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, एवढं पाणी कुठलंच कंपाउंड जिरवू शकत नाही हे मान्य, पण दरवर्षीचा साधा पाऊस तरी? आपण निसर्गाबद्दल बोलतो तेव्हा नॅशनल पार्क नाहीतर कोकण डोळ्यासमोर येतं, आणि आपल्या दारातली दोन मीटर माती फरशीखाली जाते तेव्हा त्याला ब्युटिफिकेशन म्हणतो. मला हे फार लागतं. झाड लावायला सगळे येतात, झाडासाठी जागा सोडायला कोणी तयार होत नाही.

प्रश्न: आमच्या खिडकीतून खाडीची तिवरं दिसतात. प्रचंड डास आणि वास. ही झुडपं साफ केली तर काय बिघडेल?
*(वाचक, चारकोप)*

उत्तर: तुमचा त्रास खरा आहे, फक्त दोष तिवरांचा नाही. जिथे भरतीचं पाणी रोज दोनदा आत येऊन परत जातं तिथे डासांच्या अळ्या टिकणं कठीण, शिवाय बारीक मासे त्या खातात. डास होतात ते भरतीची वाट डेब्रिज टाकून अडवली की मागे जे डबकं साचतं त्यात. डेंग्यूचा डास तर खाडीत नाहीच, तो आपल्या कुंडीखालच्या ताटलीत आणि ड्रममध्ये वाढतो. वासाचं म्हणाल तर चिखलाला स्वतःचा थोडा वास असतो, पण नाक धरावं लागतं ते खाडीत सोडलेल्या सांडपाण्यामुळे.

एकदा ओहोटीला कडेला उभं राहून बघा. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोकं वर आलेली असतात, ती त्याची श्वास घेणारी मुळं. त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बसल्या की झाड अक्षरशः गुदमरतं. त्याच टोकांमधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात, चिंबोऱ्या बिळात शिरतात, बोय मासा आणि कोळंबीची पिल्लं तिथेच लपून मोठी होतात. बाजारात कोळीण मावशींकडून आपण जे घेतो त्यातलं बरंचसं या खाजणातून, म्हणजे भरतीच्या चिखलट जागेतून, सुरू झालेलं असतं, आणि उधाणाचा जोर पण हीच झाडं मोडतात.

कायद्याने पण ती तोडता येत नाहीत. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कांदळवनं, म्हणजे हीच तिवरांची जंगलं, नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात भराव किंवा बांधकाम चालत नाही. रात्रीचे डंपर दिसले तर तारीख वेळ टाकून फोटो काढा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा. डासांची तक्रार वेगळी, ती वॉर्ड ऑफिसला, आणि अडवलेलं पाणी मोकळं करा अशी मागणी करा.

प्रश्न: दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला झाडं लावतो, जगत नाहीत.
*(वाचक, मुलुंड)*

उत्तर: वाढदिवस मार्चमधला असेल तर झाड जुलैमध्ये लावा, मुलीला तोपर्यंत रोप घरी वाढवू द्या. दहा नको, एकच. बकुळ, करंज, ताम्हण, बहावा यातलं काहीही मुंबईत छान येतं. पहिले तीन उन्हाळे पाणी घालायचं, ते कोण घालणार हे ठरल्याशिवाय खड्डा खणू नका.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमच्या बिल्डिंगच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. सगळे म्हणतात पकडून लांब सोडा. ते बरोबर आहे का?
*(वाचक, गोरेगाव पूर्व, आरेजवळ)*

उत्तर: तू विचारलंस याचा खूप आनंद झाला. बिबट्या दिसला म्हणजे तो हल्ला करायला आलाय असं नाही. आपल्या कचऱ्यावर भटकी कुत्री आणि डुकरं वाढतात आणि बिबट्या त्यांच्या मागे येतो. पकडून लांब सोडलं तर त्याला तिथली वाट, पाणी, शिकार काही माहीत नसतं, तो बिथरतो. जुन्नर भागातल्या अभ्यासात असंच दिसलं की पकडून सोडण्याने माणसांवरचे हल्ले उलट वाढले. आणि इथे जागा रिकामी झाली की दुसरा येतोच.

आरेच्या पाड्यांवर वारली लोक पिढ्यानपिढ्या वाघोबाला पुजत त्याच्या शेजारी राहतायत. त्यांच्यातल्या कोणा आजोबांना भेटलास तर अंधारात कसं चालायचं ते विचार, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तोवर एवढं कर. अंधार पडल्यावर एकटं फिरू नकोस, लहान भावंडांना तर अजिबात सोडू नकोस, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून चाललास तरी चालेल. दिसलाच तर पळू नको, खाली वाकू नको, घोळका करून फोटो काढायला जाऊ नको, त्याला निघायला वाट ठेव. बिल्डिंगमागचा उघडा कचरा बंद डब्यात जावा म्हणून सेक्रेटरी काकांना पत्र लिही, मित्रांच्या सह्या घे. बिबट्या कुठे अडकला किंवा जखमी दिसला तर वनविभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६, तो वॉचमन काकांच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून चिकटव.