जेन गुडॉल यांच्याकडे पदवी नसताना त्यांना थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, हे खरं आहे का?

हो, खरं आहे: १९६२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना बी.ए. किंवा बी.एस्सी. नसतानाही प्राणिवर्तनशास्त्रात पीएच.डी.साठी घेतलं. शिक्षण म्हणाल तर शाळा आणि त्यानंतर सेक्रेटरीचा कोर्स, एवढंच. केनियात त्या लुई लीकी या पुराजीवशास्त्रज्ञांच्या सेक्रेटरी झाल्या आणि त्यांनीच जुलै १९६० मध्ये त्यांना टांझानियातल्या (तेव्हाच्या टांगानिकातल्या) गोम्बेच्या जंगलात चिंपांझींच्या अभ्यासाला पाठवलं. प्रवेशाचं इंगित मात्र नुसत्या वशिल्यात नाही. त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी त्यांनी एका नराला वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढून खाताना पाहिलं. पानं ओरबाडून डहाळीचं हत्यार तयार करतानाही पाहिलं. हत्यार बनवतो तो फक्त माणूस, असं तोवर मानलं जायचं! हे हाती असल्यावर लीकींनी केंब्रिजमध्ये शब्द टाकला.

एक मात्र लक्षात घ्या: पदवी नव्हती म्हणून शिस्त आपोआप माफ झाली नाही. चिंपांझींना क्रमांक न देता नावं दिली आणि त्यांच्या स्वभावाबद्दल लिहिलं, म्हणून तिथे त्यांना बोलणी खावी लागली. मार्गदर्शक रॉबर्ट हाइंड यांनी त्यांची मांडणी काटेकोर करून घेतली. नावं त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाहीत, आणि आज रानातल्या वानरांवरच्या संशोधनात नावं देणं सर्रास चालतं. गोम्बेत केळी घालून चिंपांझींना जवळ आणलं, त्याने त्यांचं वागणं बदललं असणार, ही टीका मला जास्त वजनदार वाटते.