आधी ते सॉफ्टवेअर काढून टाक

प्रिय मुली,

तुझा रविवारचा मेसेज दोनदा वाचला. नोंदी ठेवायला चार अ‍ॅप, कामांच्या याद्यांना दोन, पीडीएफवर खुणा करायला एक, आणि ही सगळी एकमेकांना जोडून देणारं आणखी एक. ‘मॅडम, यातलं नेमकं कुठलं ठेवू?’ असं विचारलंयस. मुलाखती एकोणचाळीस झाल्या आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण जूनपासून अडलंय, हे मात्र अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. ते वाचून पोटात कालवलं, म्हणून हे पत्र.

कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी ते काढून टाकून बघ. त्यात दहा नोंदी लिही, मग ते अनइन्स्टॉल कर आणि त्या नोंदी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात का ते पाहा. आल्या तर पुढे बोलू. नाही आल्या, तर ते कितीही देखणं असो, आपल्या कामाचं नाही.

हे सांगायचा हक्क मी फार महागात मिळवलाय. २००१ ते २००३ मी बैलगाड्या करणाऱ्या सुतारांकडून शब्द गोळा करत हिंडत होते. आख, आरे, तुंबा, धाव ही गाडीच्या भागांची नावं पुष्कळांना ठाऊक असतात. पण दोन तालुके ओलांडले की त्याच तुकड्याला वेगळं नाव, आणि त्यातली कितीतरी नावं मला कुठल्याच कोशात सापडली नव्हती. सात वह्या भरल्या. संध्याकाळी बसून त्या तेव्हाच्या मराठी फॉन्टात टाइप करायची. त्या फॉन्टांत फाइलीमध्ये साठायची ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मराठी फक्त पडद्यावर दिसायचं, तेही फॉन्ट असेपर्यंत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये ती चालतही होती. मला एकानं कळकळीनं सांगितलंही होतं. पण आमच्याकडे सगळे तोच फॉन्ट वापरत, छापखान्यालाही तोच लागे. मी ऐकलं नाही. वर, सगळं कंप्युटरवर आलंय म्हणून सातातल्या पाच वह्या रद्दीत घातल्या.

पुढे ज्या हार्डवेअर लॉकवर, म्हणजे कंप्युटरला जोडायच्या छोट्या किल्लीवर, ते फॉन्टचं पॅकेज चालायचं तो लॉक बिघडला आणि दुसरा मिळेना. फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर लावून पाहिले. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, रफार भलतीकडे बसले, ‘ऱ्ह’ तर कुठे कुठे नाहीसाच झाला. ‘कुऱ्हाड’ मोडली तर आपण दुरुस्त करू शकतो, कारण तो शब्द आपल्याला येतो. पण जो शब्द फक्त एका म्हाताऱ्या सुतारबाबांना येत होता, तो मोडला तर कुणाला विचारायचं? ते बाबा गेले. मुलगा गवंडीकाम करतो. त्याला विचारून आले मी, दोनदा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं काम १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या. तिथल्या स्क्रिप्टोरियममध्ये, म्हणजे चिठ्ठ्यांच्या दालनात, त्या आजही कपाटांत लावलेल्या आहेत, आणि खण ओढला की चिठ्ठी वाचता येते. माझं काम त्यानंतर अर्धशतकानं झालं आणि पाच-सात वर्षांत मुकं झालं. दोष कंप्युटरला देऊ नकोस. मजकूर मी परक्याच्या ताब्यात दिला होता.

म्हणून साध्या टेक्स्ट फाइली, युनिकोडात. एक लाख शब्दांचा प्रबंध असा ठेवला तर दोनेक एमबी होतो, मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढा. फोल्डरातल्या फाइलींवर काम करणारं काहीही वापर. नोंदींचं ऑब्सिडियन अ‍ॅप आवडत असेल तर खुशाल, त्याच्या फाइली त्याच्यावाचूनही उघडतात. संदर्भांची यादी सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर ठीक आहे, पण दर महिन्याला यादी निर्यात करून ठेवायची. बाकी तुलना मला पाठवू नकोस. एकोणचाळीस माणसांनी तुला वेळ दिलाय, आणि तू रंगीत लेबलं लावत बसलीयस! राग येतो मला.

आणखी एक. तू रोमन स्पेलिंग टाइप करून मराठी उमटवतेस ना? इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी टाइप करायचा कीबोर्ड शीक. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. महिनाभर रोज अर्धा तास दिलास की बोटं बसतात. बोलीतला शब्द लिहिताना स्पेलिंगवरून पर्याय सुचवणारं यंत्र ओळखीचा प्रमाण शब्द पुढे करतं, आणि घाईत आपण तोच घेतो. मुलाखत देणाऱ्या बाई जे म्हणाल्या तेच उमटायला हवं.

संस्थेत नवी नोंदप्रणाली आली तेव्हा नंतर जमवलेले माझे शब्द तिच्यात भरायला मी नकार दिला. हट्टी म्हणाले, दोन चांगल्या सहकाऱ्यांशी बोलणं तुटलं. त्याचं वाईट आजही वाटतं. पण मी चुकले असं वाटत नाही. ती प्रणाली बंद पडली. माझी साडेतीन हजार शब्दांची साधी टेक्स्ट फाइल काल रात्रीही उघडली. काढून टाकल्यावर काय उरतं, एवढंच मी विचारत होते, आणि त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी चार वाजता ये. येण्याआधी एक मुलाखत नोटपॅडमध्ये उतरव, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायचा नेहमीचा प्रकार) सेव्ह कर, आणि तिच्याबद्दल दोन पानं लिहून आण. विस्कळीत असली तरी चालतील. त्या उरलेल्या दोन वह्या मी काढून ठेवते. एका पानावर बाबांनी पेन्सिलीनं चाक काढून प्रत्येक तुकड्यापुढे नाव लिहिलंय, स्वतःच्या हातानं. ते तू बघायला हवंस.

तुझी,
मॅडम