थंडीतला स्लॅब : बल्ल्या काढायची घाई करू नका

ताई, डिसेंबरअखेरचा स्लॅब, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट, सात दिवसांचा क्यूब रिपोर्ट (काँक्रीटचा ठोकळा लॅबमध्ये फोडून ताकद मोजतात तो) पास आणि ठेकेदार म्हणतोय बल्ल्या, म्हणजे स्लॅबखालचे टेकू, काढू. तुमची पोस्ट वाचून आमचा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला हॉल डोळ्यांपुढे आला.

आधीच सांगते, मी इंजिनीअर नाही. शेवटचा शब्द तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचा, तोही साइटवर येऊन दिलेला.

ठेकेदाराचं मी समजू शकते, त्याच्यावर सेंटरिंगचं भाडं चढतं. आम्हाला नडलं ते कर्ज देणारं कार्यालय. खालून मोकळ्या छताचा फोटो दाखवल्याशिवाय स्लॅबचा हप्ता मिळणार नाही म्हणाले. थंडीचं सांगितलं तर साहेबांनी आमचाच रिपोर्ट आमच्यापुढे सरकवला, "पास आहे ना, मग?" मजुरी थकली होती, बल्ल्या निघाल्या. पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत केसाएवढी चीर गेली आणि दोरी ताणून पाहिली तर मध्ये छताचं बोटभर पोट सुटलेलं. पुढे खालून लोखंडी गर्डर टाकावा लागला, त्यात हप्त्याहून जास्त पैसे गेले. फाइलवर मात्र सगळं नियमात!

नियमात नव्हतंच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (एका आधारापासून दुसऱ्यापर्यंतच्या अंतराच्या) स्लॅबला बल्ल्यांसाठी ७ दिवस दिलेत, पण साध्या, काही न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटला आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तरच. गाळा त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्री पारा ६-७ वर असतो आणि धुकं असलं की दुपारही गारच. शिवाय पीपीसी मुळातच सावकाश ताकद धरतं.

आणि तो रिपोर्ट! लॅबमध्ये क्यूब २७ अंशांच्या पाण्यात मुरतो, तुमचा स्लॅब गच्चीवर कुडकुडतोय. काँक्रीट किती पिकलं याचा ढोबळ हिशेब असा : सरासरी तापमानात १० मिळवा आणि दिवसांनी गुणा. लॅबचे ३७ गुणिले ७, म्हणजे २५९. तुमच्याकडे दिवसरात्रीची सरासरी १२ धरली तर रोजचे २२, म्हणजे तेवढ्याला जवळजवळ १२ दिवस. तो क्यूब सिमेंट-गिट्टीचा माल चांगला होता एवढंच सांगतो, छत तयार झालं हे नाही. खरं जाणून घ्यायचं तर दोन-तीन क्यूब स्लॅबवरच, त्याच थंडीत ठेवून मग फोडायचे. हे लॅबवाले आपणहून सांगत नाहीत, याचा मला आजही राग येतो.

तराई, म्हणजे स्लॅबवर पाणी मारणं, चालू ठेवा, पण पहाटे टाकीतलं बर्फगार पाणी ओतू नका, ऊन आल्यावर घाला. रात्री बारदान आणि वर प्लास्टिक अंथरा. सिमेंट मुरताना स्वतःची ऊब सोडतं, ती धरून ठेवायची.

मे महिन्यात स्लॅब टाकणाऱ्यांनी उलटं समजू नये. उन्हात काँक्रीट लवकर आवळतं, पण अंतिम ताकद कमी भरते आणि वरून तडकतं. संध्याकाळी टाका, तराई जास्त दिवस करा.

ताई, सर्वात मोठ्या खोलीचा गाळा किती मीटरचा आहे ते लिहा. तोवर एकही बल्ली हलू देऊ नका, भाडं लागलं तर लागू दे.